तालिबानचं कौतुक पुरे

‘अमेरिकेला वीस वर्षांत जमलं नाही ते तालिबानने एका हंगामात करून दाखवलं. मदत-बिदत काही लागत नाही, दांडका लागतो.’ अफू-गांजाचा विषय निघाला की हे वाक्य हल्ली कुणी ना कुणी टाकतंच. चाकणच्या तळेगाव चौकात अडकून पडलेल्या कंपनीच्या बसमध्ये ते ऐकू येतं, आणि चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकू येतं. धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या जंगलपट्ट्यात पोलिसांनी गांजाची शेती उपटल्याची बातमी आली की त्याला शेपूट जोडलं जातं: या लोकांना पर्यायी पीक, अनुदान, प्रशिक्षण कशाला? नांगर फिरवा, आत टाका, विषय संपला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या यूएसएआयडी या मदतसंस्थेचं दुकानच बंद झालं, तेव्हापासून तर या मंडळींना चेव आला आहे. देणाऱ्यालाच उपरती झाली, आता तुम्ही कशाला मदतीच्या गप्पा मारता, असा एकूण सूर.

या म्हणण्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच त्याचा समाचार नीट घ्यायला हवा.

खरं काय, ते आधी. २००२ ते २०१७ या काळात अमेरिकेने अफगाणिस्तानात अमली पदार्थ रोखण्यासाठी साडेआठ अब्ज डॉलरहून जास्त खर्च केला. हा आकडा अमेरिकेच्याच सरकारी तपासनिसांचा आहे. त्या काळाच्या शेवटच्या वर्षी, २०१७ मध्ये, अफूखालचं क्षेत्र ३ लाख २८ हजार हेक्टरवर गेलं. तेवढं त्याआधी कधीच नव्हतं. मग एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने बंदी घातली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार २०२२ चं २ लाख ३३ हजार हेक्टर क्षेत्र २०२३ मध्ये १० हजार ८०० वर आलं. पंचाण्णव टक्के घट. दांडकेवाले इथे थांबतात आणि टाळ्या वाजवतात.

पुढचं पान ते उलटत नाहीत. त्याच मोजणीत अफूविक्रीतून शेतकऱ्यांच्या हाती पडणारा पैसाही दिला आहे. २०२२ मध्ये १३६ कोटी डॉलर, २०२३ मध्ये ११ कोटी. हा पैसा गेला, त्याच्या जागी तेवढा दुसरा आला नाही. गहू लावला तर घरापुरता. आणि भाव? बंदीच्या आधी किलोला साधारण १०० डॉलरच्या आसपास असणारी अफू २०२४ च्या पहिल्या सहामाहीत ७०० डॉलरच्या वर गेली. ज्याच्याकडे जुना साठा होता तो व्यापारी आणि तो मोठा जमीनदार बसल्या जागी मालामाल झाला. ज्याने साठवण्याइतकं कधी पिकवलंच नव्हतं तो खंडकरी आणि मजूर रस्त्यावर आला. मे २०२४ मध्ये बदख्शानमध्ये पीक उपटायला आलेल्या पथकांना गावकऱ्यांनी अडवलं, गोळीबार झाला, माणसं मेली. दरम्यान म्यानमार २०२३ मध्ये अफूच्या उत्पादनात जगात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. ओढ्याला एका ठिकाणी बांध घातला की पाणी कुठे जातं हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही.

शिवाय ही तालिबानची पहिली बंदी नव्हे. जुलै २००० मध्ये मुल्ला उमरने असाच हुकूम काढला होता. २००१ मध्ये क्षेत्र आठ हजार हेक्टरच्या खाली आलं, जगाने पाठ थोपटली, आणि २००२ मध्ये ते पुन्हा ७४ हजारांवर. मधल्या काळात राजवट कोसळली हे एक कारण. दुसरं कारण कर्ज. तिकडे व्यापारी पेरणीआधीच उचल देतो आणि फेड अफूत मोजून घेतो. पीकच नाही म्हटल्यावर उचल अंगावर राहिली, भाव चढले तशी ती फुगत गेली, आणि फेडायला पुन्हा अफूच लावावी लागली. कुणाला वाटत असेल की दांडक्याने कर्ज फिटतं, तर त्याने एखाद्या ऊसतोड मजुराला विचारून यावं.

आता साडेआठ अब्जांचं काय? ‘म्हणजे मदत फुकट गेलीच ना?’ गेली. पण कशी गेली हे बघितल्याशिवाय निकाल देऊ नये. हेलमंड प्रांताचं उदाहरण घ्या, कारण ते आपल्याला फार चटकन कळेल. २००८ पासून काही वर्षं तिथे शेतकऱ्यांना गव्हाचं बियाणं आणि खत स्वस्तात दिलं, आणि सोबत कालव्याखालची अफू मोडली. गव्हाला मजूर थोडे लागतात, अफूला बोंडं चिरायला आणि चीक खरवडायला माणसांची रीघ लागते. जमीनदाराने गहू पत्करला आणि खंडकऱ्यांना निरोप दिला. ती कुटुंबं कालव्याच्या पलीकडच्या माळरानात गेली, बोअर मारले, पुढे सौर पंप बसवले, आणि तिथे काय लावलं? अफू. मदत मिळाली जमीन असलेल्याला आणि भार पडला जमीन नसलेल्याला. ज्यांनी योजना आखली त्यांनी पीक मोजलं, मजुरी मोजली नाही.

याहून बोलका प्रकार कापसाचा. हेलमंडचे शेतकरी पूर्वीपासून कापूस पिकवत, लष्करगाहला जुनी जिनिंग होती. ‘आम्हाला कापसाला भाव द्या, आम्ही अफू सोडतो,’ असं ते सांगत राहिले. मदत देणाऱ्यांनी नकार दिला. कापूस तिथे परवडणार नाही हे एक कारण सांगितलं गेलं. दुसरं होतं अमेरिकेतला १९८६ चा एक कायदा. अमेरिकेच्या निर्यातीशी स्पर्धा करील अशा परदेशी पिकाला अमेरिकी मदतीचा पैसा वापरायचा नाही, असा त्याचा अर्थ. अमेरिकेचे कापूस उत्पादक म्हणजे जगातली मोठी लॉबी, त्यांना मिळणाऱ्या अनुदानापायी जागतिक भाव कसा पडतो याची झळ यवतमाळपासून जळगावपर्यंत सगळ्यांनी सोसलेली आहे. म्हणजे अफू सोडायला लावणारे अब्जावधी डॉलर होते, पण कापूस विकत घेणारा एक रुपया नव्हता. ही मदत फसली यात नवल कसलं?

म्हणून माझा वाद दोघांशी आहे. दांडक्याने सुटतं म्हणणाऱ्याशी, आणि चार रोपं, एक कार्यशाळा, एक फ्लेक्स एवढ्यावर सुटतं म्हणणाऱ्या प्रकल्पवाल्यांशीही. नशेचं पीक शेतकरी लावतो ते त्याला खरेदीदार असतो म्हणून. तो बांधावर येतो, आगाऊ पैसे देतो, माल वाळलेला नि हलका असल्याने रस्ता खराब असला तरी चालतं, शीतगृह लागत नाही, आणि निर्यातबंदीचं परिपत्रक त्याला लागू होत नाही. या खरेदीदाराच्या समोर दुसरा खरेदीदार उभा केल्याखेरीज बाकी सगळं वरवरचं.

जिथे तो उभा केला तिथे काम झालं. थायलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरात १९६९ मध्ये राजा भूमिबोल यांनी राजप्रकल्प सुरू केला. फळझाडांसाठी तैवानची मदत आली, संशोधनाला अमेरिकेचा पैसा आला, १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रं आली, जर्मनीने १९८१ ते १९९८ अशी सतरा वर्षं त्या डोंगराळ भागात तळ ठोकला. पण या सगळ्याच्या बरोबरीने त्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच डोंगराच्या पायथ्याशी फळप्रक्रियेचा कारखाना काढला आणि डोंगरावरचा माल घ्यायला सुरुवात केली. रस्ते केले, शाळा केल्या. आणि पीक मोडायची सरकारी मोहीम? ती १९८४ च्या सुमारास, म्हणजे पहिली रोपं लावल्यानंतर पंधरा वर्षांनी. आधी खरेदी, मग नांगर. तिथेही सगळं गोमटं नव्हतं. डोंगरी जमातींतल्या अनेकांना नागरिकत्वासाठी वर्षानुवर्षं ताटकळावं लागलं, आणि पुढे गोळ्यांच्या रूपातल्या रासायनिक नशेने देश पोखरला. पण अफूचं क्षेत्र हजारो हेक्टरांवरून काही शेकड्यांवर आलं आणि परत वर गेलं नाही.

तुर्कस्तानची गोष्ट तर आणखी मजेशीर. १९७१ मध्ये निक्सन यांच्या दबावाखाली तिथल्या सरकारने अफूबंदी जाहीर केली; बदल्यात अमेरिकेने साडेतीन कोटी डॉलर भरपाई कबूल केली. शेतकरी चिडले, पैसे पुरले नाहीत, आणि १९७४ मध्ये एजेविट सरकारने बंदी उठवली. पण उठवताना रीत बदलली. परवाना सरकारचा, बोंड चिरायचं नाही, वाळलेलं बोंड अख्खं सरकारी धान्य मंडळाला विकायचं, त्यातून औषधाचा मॉर्फीन कारखान्यात काढायचा. चोरबाजार जवळपास आटला. १९८१ मध्ये अमेरिकेने आपल्या औषध कंपन्यांवर नियम घातला: कच्च्या मालातला किमान ८० टक्के हिस्सा भारत आणि तुर्कस्तानकडून घ्यायचा. अफूच्या प्रश्नावर अमेरिकेने केलेली सगळ्यात परिणामकारक मदत मला विचाराल तर ही आहे, आणि ती मदत म्हणून कुठल्या खात्यात नोंदलेलीसुद्धा नाही. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला सरकारी पट्ट्यावर अफू पिकवणारा शेतकरी इतकी वर्षं ज्या व्यवस्थेत टिकला तिला या नियमाचा आधार होता. (आपल्या दिवाळीच्या अनारशांवरची खसखस बहुतेक वेळा तुर्कस्तानातून येते, हेही जाता जाता सांगून टाकतो.)

आता घरी येऊ. महाराष्ट्रात अफूच्या लागवडीला परवाना नाही. तरी २०१२ मध्ये बीड आणि सोलापूर जिल्ह्यांत अफूची शेतं सापडली, तेव्हा ‘आम्ही खसखस लावली’ असं शेतकरी सांगत होते. गांजाची मुख्य जागा शिरपूर. जलसंधारणाच्या ‘शिरपूर पॅटर्न’मुळे ज्या तालुक्याचं नाव राज्यभर झालं, त्याच तालुक्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, लाकड्या हनुमान आणि आसपासच्या पाड्यांवर, कापूस-तुरीच्या आड गांजा लावला जातो आणि दरवर्षी पोलीस तो उपटून जाळतात. दरवर्षी. दांडकेवाल्यांनी या एका शब्दावर विचार करावा. एनडीपीएस कायदा १९८५ पासून आहे. गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. जमीनधारकाने आणि सरपंच-पंचांसह गावच्या प्रत्येक अधिकाऱ्याने खबर देणं त्यात सक्तीचं आहे. दांडका कमी पडला असं म्हणायला जागा नाही.

‘पण बाकीचे शेतकरीही अडचणीत आहेत, ते लावतात का गांजा?’ हा विरोधकांचा सगळ्यात चांगला मुद्दा, आणि तो मला मान्य आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजार समितीत नेला. भाव लागला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर उरले दोन रुपये आणि काही पैसे. दोन रुपयांचा चेक मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. चाकणच्या महात्मा फुले मार्केट यार्डात शनिवारी जाऊन उभं राहा. खेड, शिरूर, आंबेगावातून आलेल्या गाड्या, गोणी फोडून ओतलेला कांदा, त्यावर वाकून दोन-चार कांदे हातात फिरवणारा व्यापारी, आणि लिलाव संपल्यावर पट्टीवरचा आकडा दोनदा वाचणारा माणूस. तो पट्टी घडी घालून खिशात ठेवतो आणि पुढच्या हंगामाला पुन्हा कांदाच लावतो. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली ती मे २०२४ पर्यंत; त्या महिन्यांत खेड तालुक्यात कुणी गांजा लावल्याचं ऐकिवात नाही.

म्हणजे गरिबी हे पूर्ण कारण नाही. मी तसं म्हणतही नाही. २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने कुठल्याच पिकाला भाव नाही म्हणून दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या, असा अर्ज थेट सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिला होता. तो स्टंट आहे असं पोलीस म्हणाले. असेल. पण अर्ज करून विचारणारा माणूस गांजा लावत नसतो. लावतो तो, जिथे सातबाऱ्यावर नाव नाही किंवा वनहक्काचा दावा लटकलेला आहे, पीककर्ज त्यामुळे मिळत नाही, बाजार समिती दूर आहे आणि गांजाचा व्यापारी जवळ. नुसता तोटा आणि कुणीच जवळ नसणं यांत फरक आहे. चाकणचा कांदेवाला तोट्यात असला तरी त्याच्यासमोर यार्ड आहे, अडत्या आहे, ओरडायला संघटना आहे, २०२३ मध्ये तीनशे-साडेतीनशे रुपये क्विंटलचं अनुदान जाहीर करावं लागणारं सरकार आहे. पाड्यावरच्या माणसाला यातलं काय आहे? म्हणून मदत सरसकट नको, त्या अरुंद पट्ट्यालाच हवी.

मग दुसरा आक्षेप येतो: ‘गांजा लावणाऱ्याला मदत म्हणजे गुन्ह्याला बक्षीस. उद्या मदतीसाठी लोक गांजा लावतील.’ कोलंबियात हे घडलं आहे, लपवण्यात अर्थ नाही. २०१६ च्या शांतता करारात कोका, म्हणजे कोकेनचं पीक, सोडणाऱ्यांना मदत मिळणार असं कळताच काही भागांत लागवड वाढली. पण त्याच देशात पुढे काय झालं तेही बघा. सुमारे ९९ हजार कुटुंबांनी करार केले, आपल्या हाताने झाडं उपटली, आणि मग सरकारकडून यायचे हप्ते, सल्ला, पर्यायी प्रकल्प वर्षानुवर्षं लांबले. २०२३ मध्ये कोकाखालचं क्षेत्र २ लाख ५३ हजार हेक्टर या नव्या उच्चांकावर होतं. फसवलं कुणी कुणाला? बक्षिसाचा धोका टाळायला उपाय सोपा आहे. पैसे उपटलेल्या झाडाचे द्यायचेच नाहीत, पिकवलेल्या तुरीचे, भगरीचे, मोहफुलाचे द्यायचे, आणि गावातल्या प्रत्येकाला द्यायचे, ज्याने कधी गांजा लावला नाही त्यालाही.

चाकणकरांनी या वादात पडायचं कारण काय, असं कुणी विचारील. कारण नशेचा दुसरा अंक आपल्याच अंगणात चालू आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकणजवळ शेलपिंपळगावला वीस किलो मेफेड्रोन पकडलं, धागा रांजणगावच्या कारखान्यापर्यंत गेला. त्याच गुन्ह्यातला मुख्य आरोपी २०२३ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयातून पळाला आणि राज्य हादरलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीतून पुणे पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केलं. या नशेला शेत लागत नाही, पाऊस लागत नाही. लागतो तो शेड, रिअ‍ॅक्टर, रसायनं आणि एखादा केमिस्ट. सातपुड्यातली उरलीसुरली प्रत्येक काडी उद्या जाळली तरी आपल्या पोरांच्या खिशातली पुडी कमी होणार नाही. जो दिसतो, पळून जाऊ शकत नाही आणि ज्याला वकील परवडत नाही, त्या माणसावर सगळा जोर काढायचा आणि त्याला कायद्याचं राज्य म्हणायचं, हे मला पटत नाही.

म्हणून माझ्या मागण्या दोन आहेत आणि दोन्ही रुक्ष आहेत. पहिली सरकारकडे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ७-अ खाली राष्ट्रीय निधी आहे. तो तस्करी रोखायला, व्यसनींच्या उपचाराला, जनजागृतीला वापरता येतो. शेतकऱ्याला बेकायदा पिकातून बाहेर काढण्याचा त्यात शब्दही नाही. तो घालावा, आणि शिरपूरच्या त्या पट्ट्यात वनहक्काचे दावे आधी निकाली काढावेत, कारण नावावर जमीन नसलेल्याला कुठलीही बँक आणि कुठलीही योजना दारात उभं करत नाही.

दुसरी मागणी चाकणच्या कंपन्यांकडे. परदेशी पैसा आपल्याकडे आधीच आलेला आहे; थायलंडच्या डोंगरात सतरा वर्षं राहिलेल्या त्याच जर्मनीच्या मोटार कंपन्या इथे गाड्या बनवतात. त्यांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून सातपुड्यात रोपं वाटायला जाऊ नये, फोटो काढायला तर मुळीच जाऊ नये. या पट्ट्यातल्या कँटीनमध्ये तिन्ही पाळ्यांना मिळून रोज हजारो ताटं वाढली जातात. त्यातल्या वरणाची तूरडाळ आणि भाकरीची ज्वारी शिरपूरच्या पाड्यांवरच्या शेतकरी कंपन्यांकडून, ठरल्या भावाने, किमान दहा वर्षांच्या करारावर घ्यावी. शिरपूर आग्रा रोडवर आहे. धुळे, मालेगाव करत नाशिकला आलं की पुणे-नाशिक रस्ता सरळ चाकणला उतरतो. ट्रकला नवा रस्ता लागणार नाही. खरेदी विभागाच्या प्रमुखांनी एक निविदा काढावी, आणि ज्यांना तालिबानचं कौतुक वाटतं त्यांनी तिच्यावर सही करायला आपल्या व्यवस्थापनाला भाग पाडावं.